घरगाडीतला वास

मामंजींनी ती गाडी आवारात आणून उभी केली आणि मला म्हणाले, "सूनबाई, जरा आत जाऊन बघ, काय काय धुवायला लागेल." मी पदर खोचून पायरीवर चढले, दार ओढलं आणि तशीच मागे फिरले. आत काहीतरी कुजत होतं. नाकावर पदर धरूनही तो वास घशात उतरला आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मामंजी फौजेत होते. त्यांची शेवटची बदली जयपूरच्या छावणीत झाली आणि पेन्शनीत निघाल्यावर इथली कोरडी हवा गुडघ्यांना मानवते म्हणून त्यांनी इथेच मुक्काम ठेवला. घरात मामंजी, सासूबाई, कॉलेजात जाणारी नणंद, हे, मी आणि आमची दीड वर्षांची मुलगी. हे युनिव्हर्सिटीत शिकवत. मी लग्नाआधी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, पण त्या पदवीची सासरी कुणी कधी चौकशी केली नव्हती.

साठीच्या दशकाचा मध्य होता. युरोपातून जमिनीच्या वाटेने गाड्या हाकत येणारे गोरे लोक तेव्हा जयपुरात दिसायला लागले होते. अशाच एका जोडप्याची गाडी शहरात येऊन बंद पडली. इंजिन दुरुस्त होईना, नवऱ्याला कावीळ झाली, शेवटी दोघं विमानाने मायदेशी गेली आणि गाडी इथेच राहिली. मामंजींनी ती घेतली. फौजेत असताना त्यांनी गाड्यांचा विभाग सांभाळला होता, त्यामुळे इंजिन त्यांनी स्वतः खोललं आणि चालूही केलं. त्याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं, आणि आम्ही ते पुष्कळ केलं.

गाडी म्हणजे चाकांवरचं घरच होतं. दोन्ही बाजूंना बाकं, ती ओढली की खाट होई. भिंतीत कपाटं, पायाने दाबायच्या पंपाचं छोटं मोरीसारखं भांडं, त्याशेजारी दोन चुलींची शेगडी, आणि शेगडीखाली गॅसची बाटली ठेवायचा कप्पा. मामंजी तिला 'घरगाडी' म्हणत, आणि मग आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो.

ती साफ करायचं काम माझ्याकडे आलं. मोलकरणीने पायरीवरूनच "बीबीजी, यह मुझसे ना होगा" असं सांगून टाकलं. तिला नाही म्हणता येत होतं. मी नऊवारी आवळून आत शिरले. कपाटांत उंदरांनी घरटी केली होती, चिंध्या, कागद, बिस्किटांचा चुरा आणि लेंड्या. शेगडीच्या मागे पत्र्यावर कसल्यातरी चरबीचा पिवळा थर बोटभर साचून कडक झाला होता. तो मी सुरीने खरवडला, तर खालून मुंग्या निघाल्या. गादीवर डाग होते, ते कशाचे हे मी स्वतःला विचारलं नाही. आणि सगळ्यांत शेवटी, मागच्या कोपऱ्यातल्या अरुंद कप्प्यात, झाकण लावलेली बादली सापडली. तिचं काम काय असेल हे झाकण उचलण्यापूर्वीच कळलं होतं. ती दोघं माणसं विमानात बसून निघून गेली आणि आपली बादली मात्र एका अनोळखी घरातल्या सुनेसाठी ठेवून गेली. मी ती आवाराच्या टोकाला नेऊन खड्ड्यात रिकामी केली आणि तिथेच ओकले.

राख, सोडा, फिनेल, कडुलिंबाचं पाणी असं सगळं वापरून गाडी स्वच्छ झाली. गाद्यांचा कापूस बदलला, नणंदेने सांगानेरी छापाचे पडदे शिवले. दारं उघडी टाकून ऑक्टोबरच्या उन्हात गाडी वाळवली. वास गेला. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर जे झालं ते मी कामचुकार होते म्हणून झालं असं घरात सगळे बराच काळ धरून चालले. वास पूर्ण गेला होता.

मग गॅस आला.

परदेशी बाटली रिकामी होती आणि ती भरून देणारं जयपुरात कुणी नव्हतं. शहरात तेव्हा घरोघरी कोळशाची सिगडी, फार तर रॉकेलचा स्टोव्ह. मामंजींनी दिल्लीच्या एका ओळखीच्या माणसाकडून इकडची भरलेली टाकी मिळवली. तिचं तोंड एका मापाचं आणि परदेशी शेगडीचा पाइप दुसऱ्याच मापाचा. मामंजींनी मधे रबराची नळी घातली, दोन्ही टोकांना तारेचे वेढे दिले आणि पकडीने पिळले. ती नळी त्यांना गाडीतल्याच एका खणात सापडली होती. "फौजेत आम्ही याहून वाईट जोड लावून हजार माणसांचा स्वयंपाक केलाय," ते म्हणाले.

निळी ज्योत पेटली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. धूर नाही, काजळी नाही. सासूबाईंनी हात जोडले. मलाही ती ज्योत सुंदर वाटली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून घ्यायला मी दार उघडलं तर आत वास. आधीचा नव्हे, हा वेगळा होता. कापून विसरलेला कांदा सडतो तसा, त्यात कोबीचं शिळं पाणी, आणि जिभेवर येणारी एक ओशट गोडी. मी सरळ मामंजींकडे गेले.

"मामंजी, गॅस गळतोय वाटतं. आत वास येतोय."

मामंजी उठले, गाडीत गेले, मधोमध उभे राहून त्यांनी लांब श्वास घेतला. त्यांना तपकिरीची सवय होती. दिवसातून कितीदा चिमूट नाकात जाई त्याला गणती नव्हती, आणि त्यांच्या त्या नाकाला भाजी करपलेलीही कळत नसे. पण हे त्यांना कोण सांगणार?

"मला तर काही येत नाही," ते म्हणाले. "काय हो, तुम्हाला येतोय?"

सासूबाई पायरीपाशी उभ्या होत्या. "नाही हो, मला काही नाही."

ह्यांनी आत डोकावल्यासारखं केलं. "जुन्या गाडीला थोडा वास असतोच, बाबा."

"पाहिलंस?" मामंजी मला म्हणाले. "कुठेतरी नीट पुसलं गेलं नसेल. पुन्हा एकदा बघ."

मी पुन्हा सगळं पुसलं. आणि दुर्दैवाने, कपाटाच्या मागच्या फटीत मला एक मेलेला उंदीर सापडला, वाळून चपटा झालेला. मी तो चिमट्याने काढला आणि घरात आनंदीआनंद झाला. "सापडला! मी म्हणत नव्हतो?" मामंजींनी सगळ्यांना बोलावून दाखवला. त्या वाळल्या कातड्याला काही वास नव्हता, मी नाकाशी नेऊन पाहिलं होतं. पण कारण सापडलं होतं आणि ते सगळ्यांना पसंत पडलं होतं. नंतर वास आला तर माझ्या नाकात उंदीर बसलाय असं ठरलं.

पुढचे दोन महिने ह्या वासाला रोज नवं कारण मिळे. अंडी. दुधाचं पातेलं. शेजारच्या घराची मोरी. आणि हळूहळू, माझ्या मुलीची दुपटी. सासूबाईंनीच ते प्रथम काढलं. मुलीला दुपारी गाडीतल्या खालच्या खाटेवर झोपवावं अशी मामंजींची हौस होती, कारण तिथे थंडीत ऊब राही. "पोर झोपतं ना तिथे, त्याचाच येत असेल. दुपटी वेळेवर बदलायला नकोत?" मी दुपटी उकळून, उन्हात वाळवून, घडी घालून ठेवत होते. माझ्या मुलीच्या अंगाला तेलाचा आणि डाळीच्या पिठाचा वास येई. तिचं नाव ह्या घाणीला जोडलेलं ऐकलं की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटे.

मामंजी लोकांना गाडी दाखवायला आणत, ज्योत पेटवून दाखवत. पाहुणे हसतमुखाने आत जात आणि जरा लवकरच बाहेर येत. बाहेर येऊन मोठा श्वास घेत आणि म्हणत, "वाह साहब, कमाल की चीज़ है." मी हे बघत असे. एकही माणूस म्हणाला नाही की आत घाण येते.

एकदा नणंदेने चहासाठी शेगडी पेटवली. काडी ओढली आणि आवाज झाला, भप्प असा, जड गोधडी झटकावी तसा. ज्योत चुलीवर न राहता खाली नळीपर्यंत गेली आणि विझली. तिच्या मनगटावरची लव जळाली, केस जळल्याची घाण आधीच्या घाणीत मिसळली. ती रडत बाहेर आली. मी धावले, टाकीची चावी बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या.

"हा गॅसच आहे, मामंजी. नळी बदलायला हवी, नाहीतर टाकी बाहेर काढून ठेवू."

"आधी काडी, मग चावी, हे किती वेळा सांगितलं हिला?" मामंजी नणंदेकडे बघत म्हणाले. "ही चावी सोडून काडी शोधत बसली असणार. गॅस साचला. साधी गोष्ट आहे."

"बाबा, मी काडी पेटवूनच—"

"बास."

तिच्या मनगटाला मी घरातलं तूप लावलं. ती हळूच म्हणाली, "वहिनी, मतलब, मला तर आत गेलं की उलटीच येते." मी म्हटलं, "मग हे बाबांना सांग." तिने मान हलवली, म्हणजे नाही.

त्याच आठवड्यात मी फरशी पुसायला गुडघ्यांवर बसले आणि मला गरगरलं. उभी राहिले, बरं वाटलं. पुन्हा वाकले, पुन्हा घेरी. वास वर कमी आणि खाली जास्त होता. हा गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा खाली साचतो. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, आता ते कपाळाशी येऊन थांबलं होतं. आणि त्या फरशीपासून हातभर उंचीवर माझी मुलगी दार लावून झोपवली जात होती. त्या दिवसापासून मी तिला गाडीत पाऊल टाकू दिलं नाही. सर्दी आहे, ताप आहे, काहीही सांगे. ह्यांना मात्र खरं सांगितलं.

"तुम्ही बोला त्यांच्याशी. तुमचं ऐकतील."

हे पेपर तपासत होते. "अगं, बाबांचा उत्साह आहे तो. ह्या वयात काहीतरी मन रमवायला मिळालंय. त्यांना वाईट वाटेल."

"आणि स्फोट झाला तर?"

"स्फोट वगैरे काही होत नाही. तू जरा जास्तच करतेस."

त्यांनी लाल पेन्सिल उचलून पुढचा पेपर ओढला. त्यांचा स्वच्छ सदरा, स्वच्छ हात आणि ती नीट टोक केलेली पेन्सिल बघून मला त्या बादलीजवळ आली होती तशीच मळमळ आली. नवऱ्याबद्दल असं वाटू नये म्हणतात. वाटलं ते वाटलं.

पौषात मामंजींनी ह्यांच्या विभागप्रमुखांना आणि त्यांच्या पत्नीला गोठीला बोलावलं. जयपुरात सहलीच्या जेवणाला गोठ म्हणतात. उघड्यावर गोवऱ्यांच्या आरात बाट्या भाजायच्या, दाल, चूरमा, असा बेत असतो. पण मामंजींना गॅसवर पुरणपोळी करून दाखवायची होती, घरगाडीत, नदीकाठी. प्रमुख मूळचे जयपूरचेच, मोठे अदबशीर गृहस्थ, ह्यांची बढती त्यांच्या हातात. ते दोघं आपल्या मोटारीने येणार होते.

सांगानेरच्या पुढे नदीच्या वाळूत गाडी उभी केली. दूरवर छिपे लोक छापलेली कापडं धुऊन वाळत घालत होते. हवा गार, ऊन कोवळं. बाहेर सतरंजीवर बसायचं असतं तर तो दिवस चांगला गेला असता. पण मामंजींनी पाहुण्यांना आग्रहाने आत नेऊन बसवलं. वाटेत थंडी नको म्हणून सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या, गाडी खडबडीत रस्त्याने हादरत आली होती. मी मुलीला कडेवर घेऊन बाहेरच थांबले. सासूबाई पुरण घेऊन आत बसल्या होत्या.

थोड्या वेळात प्रमुखांच्या पत्नीचा आवाज आला. बाईंनी बनारसी पदराने नाक झाकलं होतं. "भाईसाहब, यहाँ कुछ सड़ रहा है क्या?"

मग मामंजी हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं, मोठं, मोकळं, यजमानाचं. "अरे नहीं बहनजी. बहू का बच्चा सोता है यहाँ. आजकल की पढ़ी-लिखी लड़कियाँ, पोतड़े बदलने की फुरसत कहाँ!"

पाहुणे अवघडून हसले. हे हसले. सासूबाई पुरणाच्या पातेल्यात बघत राहिल्या.

माझी मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती, धुतलेल्या झबल्यात. मी तिला नणंदेच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तिकडे कापडं वाळताहेत तिथे जा. मी हाक मारेपर्यंत येऊ नकोस." मग वाटीत पाणी घेतलं, भांडी घासायचा साबण त्यात कुस्करला आणि गाडीत चढले.

"सगळ्यांनी जरा बाहेर चला," मी हिंदीत म्हटलं, पाहुण्यांनाही कळावं म्हणून. "गॅस गळतोय. मी दाखवते."

"सूनबाई!" मामंजींचा आवाज चढला. "पाहुण्यांसमोर हा काय तमाशा?"

मी खिडक्या उघडत होते. प्रमुख उठून दारापर्यंत गेले, बाई त्यांच्या मागे. सासूबाई तिथेच बसून होत्या. मी शेगडीखालचा कप्पा उघडला आणि गुडघ्यांवर बसले. तिथे वास इतका होता की डोळ्यांत पाणी आलं.

"गॅस असेल तर ओळखायची सोपी रीत आहे," मामंजी मराठीत म्हणाले, आणि मला त्यांच्या हातात काड्यांची पेटी दिसली. "नळीजवळ काडी धरायची. गळती असेल तर दिसेल. नसेल तर तुझं तोंड कायमचं बंद होईल."

त्यांनी पेटी उघडून काडी काढली होती. मी उठले आणि त्यांच्या मुठीवर झडप घातली. सासऱ्याचा हात मी तोवर कधी धरला नव्हता. त्यांची मूठ घट्ट होती, माझी नखं त्यांना लागली, पेटी फुटली आणि काड्या फरशीभर पसरल्या. मी पेटी खिडकीतून बाहेर वाळूत टाकली. त्यांच्या नाकातली तपकीर, अंगावरचं कोलोन, आणि खालून येणारी ती सडकी हवा, सगळं मिळून माझ्या अंगावर आलं होतं आणि मला वाटत होतं की ह्या माणसाला आता इथेच ढकलून द्यावं.

"बसा," मी म्हटलं. "आणि बघा."

नळीवरून मी साबणाचं पाणी सोडलं. टाकीकडच्या तारेच्या वेढ्याखाली आधी एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग फेसाचा गुच्छच फुगायला लागला. फुटे आणि पुन्हा फुगे. मी नळी जरा वाकवली तर मधेही एक चीर दिसली, तिथूनही बुडबुडे. रबर इतकं जुनं होतं की भेगाळलेल्या टाचेसारखं दिसत होतं. प्रमुख दारातून वाकून बघत होते. "हे राम," एवढंच ते म्हणाले. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मी टाकीची चावी घट्ट फिरवली, वेढे सोडले, नळी काढली. टाकी उचलायला मी ह्यांना बोलावलं तेव्हा ते आले. आम्ही दोघांनी ती उभीच धरून वाळूत लांब नेऊन ठेवली.

मामंजी बाकावर बसून आपली बोटं चोळत होते. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. म्हणाले, "उन्हाने रबर सैल पडतं. आज ऊन कडक आहे."

सगळ्यांच्या अंगात लोकरीचे कपडे होते.

मग ते उठले आणि पाहुण्यांना म्हणाले की चला, गोवऱ्या मागवू, पोळी त्यावर होईल. आणि खरंच सगळे त्या तयारीला लागले. हे गोवऱ्या शोधायला गेले. प्रमुखांच्या पत्नी कापडांचे रंग बघायला गेल्या. जणू काही झालंच नव्हतं, फक्त जेवणाला जरा उशीर होणार होता. मला तिथे एक घास गिळवला नसता. मी नणंदेकडून मुलगी घेतली आणि ह्यांना सांगितलं, "मी बसने घरी जाते." मी सांगानेरकडे चालायला लागले.

मागून सासूबाईंची हाक आली. त्या चपला हातात घेऊन वाळूतून येत होत्या. "मीही येते," म्हणाल्या. मला आश्चर्य वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. आम्ही जोडीने चालायला लागलो. मग त्या म्हणाल्या,

"मला पहिल्याच दिवशी आला होता गं वास."

मी थांबले. "कधी?"

"तू सांगितलंस ना, तेव्हाच. चांगलाच येत होता."

"मग तुम्ही नाही का म्हणालात?"

"त्यांनी नाही म्हटल्यावर मी हो कसं म्हणू?" त्यांनी हे अगदी सरळपणे विचारलं, म्हणजे त्यांना खरंच उत्तर हवं होतं असं.

"आणि दुपट्यांचं? माझ्या पोरीचं?"

त्या जरा विचारात पडल्या. "काहीतरी म्हणायला हवं होतं ना," त्या म्हणाल्या. "सगळे विचारायचे कशाचा वास, कशाचा वास. काहीतरी सांगायलाच हवं."

त्या पुढे चालू लागल्या. मी मुलीला घट्ट धरून उभी राहिले. ती ज्या खाटेवर झोपत होती ती त्याच झाडून, चादर घालून द्यायच्या. वास येत असताना. नातीच्या अंगावर पांघरूण सारखं करून त्या दार लावून घ्यायच्या, आणि मग घरात येऊन म्हणायच्या की पोरीची घाण येते. ह्याच बाईंनी माझ्या बाळंतपणात माझे पाय चेपले होते.

बसमध्ये विड्यांचा धूर होता, एका माणसाने पायाशी बकरी बांधली होती, कुणाच्या तरी टोपलीतून मुळ्यांचा उग्र वास येत होता. त्यातल्या कशाचंच मला काही वाटलं नाही. सासूबाई माझ्याशेजारी बसून मुलीचं टोपडं नीट करत होत्या. मी त्यांचा हात बाजूला केला. हळूच केला, पण केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बाहेर बघत बसल्या.

संध्याकाळी बाकीचे आले. नणंद माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "सगळ्यांनाच येत होता, वहिनी. मी तर आत जाताना श्वास धरून जायचे. दादापण." दादा म्हणजे हे. मी ह्यांना विचारलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "थोडा यायचा," म्हणाले. "इतका नाही."

म्हणजे घरात नाक फक्त एका माणसाचं गेलं होतं. बाकी आम्ही सगळे ती घाण हुंगत होतो, आणि एकटी मी वेडी ठरत होते. त्या रात्री मी जेवायला वाढलं. पाटावर बसलेले सगळे, भात कालवणारे हात, चावणारी तोंडं बघून मला शिसारी आली. मी ताटं मांडली आणि मागच्या अंगणात जाऊन थंडीत बसून राहिले.

टाकी दिल्लीला परत गेली. मामंजींनी पुन्हा कधी गॅसचं नाव काढलं नाही, आणि माझ्याशी थेट बोलणंही जवळपास सोडलं. काही सांगायचं असलं तर सासूबाईंमार्फत सांगत. गाडी आवारात उभी राहिली. उन्हाळ्यातल्या आंध्यांनी, म्हणजे धुळीच्या वादळांनी, तिच्यात वाळू भरली, आणि पुढे ती कुण्या दुकानदाराने जगतपुऱ्याच्या बाजूला नेली, आत चाऱ्याची पोती ठेवायला.

पावसाळ्याच्या सुमाराला मामंजींचे एक जुने फौजी मित्र आले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा मामंजी सांगत होते की कशी गाडीत गळती झाली होती, पाहुणे आत बसलेले, सगळे गडबडून गेलेले, आणि त्यांनी शांतपणे साबणाचं पाणी मागवून बरोबर जागा शोधून काढली. "फौजेची शिस्त," मित्र म्हणाले. मामंजींनी मान डोलावली. मी कपबशा मांडत होते. हे खुर्चीत होते, सासूबाई दाराशी. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

"साबणाचं पाणी मी केलं होतं," मी म्हटलं. "मामंजी काडी लावणार होते."

मित्राने कप अर्ध्यावर धरला. मामंजी म्हणाले, "हिचा स्वभाव जरा तिखट आहे," आणि दुसरा विषय काढला.

त्याच रात्री मी ह्यांना सांगितलं की मला युनिव्हर्सिटीच्या क्वार्टरमध्ये राहायचं आहे, ते अर्ज करणार असतील तर ठीक, नाहीतर मी मुलीला घेऊन साताऱ्याला जाते. त्यांनी पहिल्यांदा माझ्याशी वाद घातला नाही. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, कौलं गळणारी, मोरी तुंबणारी. मी जवळच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. सणावाराला आम्ही मामंजींकडे जात होतो आणि मी सगळ्यांच्या पाया पडत होते.

सासूबाई पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे येऊन राहायच्या. त्यांचं सगळं मी केलं, शेवटचं आजारपणही. त्या माझ्या हातचं मुकाट जेवत. एकदा आमटी नासली होती, ती माझ्या लक्षात आली नव्हती, आणि त्यांनी ती पूर्ण वाटी संपवली. मी नंतर चव घेतली आणि थुंकले. "अहो, आंबली होती, सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"तू वाढलीस," त्या म्हणाल्या, "मग मी कशी बोलू?"

मी पातेलं उचललं आणि मोरीत ओतून आले.